लॅपटॉपवर एक आकडा, क्लस्टरवर दुसरा: फरकाचं मूळ कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा: प्रयोगशाळेत एका जुन्या विद्यार्थ्याने पीएचडीच्या काळात लिहिलेला सिम्युलेशन कोड आहे. गाभा फोर्ट्रानमध्ये, आजूबाजूचं सगळं पायथनमध्ये. लॅपटॉपवर चालवला की एक उत्तर, संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) दुसरं. आणि क्लस्टरवरच पुन्हा चालवला तर कधीकधी तिसरं. खरं कुठलं मानायचं, आणि पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती हे कसं द्यायचं?

आधी एक गोष्ट. "कुठलं खरं" हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. लॅपटॉप चूक की क्लस्टर चूक, असं ते नसतंच. फरक कोणत्या थरातून येतो हे कळलं की निम्म्या वेळा दोन्ही उत्तरं बरोबर निघतात आणि उरलेल्या निम्म्या वेळा दोन्ही चुकीची. अनेक प्रयोगशाळांत मात्र फरक दिसला की तुलनेची सवलत (किती फरक चालेल ती मर्यादा) वाढवतात, चाचणी हिरवी होते आणि विषय संपतो. तसं करू नका.

फरक केवढा आहे ते पहिल्यांदा बघा. पडद्यावर छापलेले चार अंक नकोत. दोन्हीकडून सतरा अंक छापून घ्या. डबल प्रिसिजनमध्ये (दशांश संख्या साठवायच्या जास्त अचूक पद्धतीत) संख्येच्या अंकांना ५३ बिट मिळतात, म्हणजे दशमान पद्धतीत साधारण पंधरा-सोळा अंक. पहिले बारा-पंधरा अंक जुळून शेपूट वेगळं असेल तर ती राउंडिंगची करामत. सात-आठ अंक जुळून पुढे फाटत असेल तर कुठेतरी सिंगल प्रिसिजन शिरलंय, कारण तिथे २४ बिट, म्हणजे जेमतेम सात अंक. तिसऱ्या-चौथ्या अंकालाच फरक असेल तर तीन शक्यता: इनपुट वेगळं, कोडमध्ये खरा दोष, किंवा तुमची प्रणालीच केऑटिक (सुरुवातीचा बारीक फरक झपाट्याने वाढवणारी). ही ढोबळ वाटणी आहे, पण शोध कुठून सुरू करायचा हे तिच्यावरून ठरतं.

मग पायरीपायरीने, एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. पहिली पायरी: तेच यंत्र, तीच बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्राम), तेच इनपुट, एकच थ्रेड (समांतर चालणारा कामाचा धागा), दोनदा चालवा. दोन्ही आउटपुट फाइल बाइट-न्-बाइट सारख्या यायला हव्यात (वरची तारीख-वेळेची ओळ सोडून). इथेच फरक आला तर क्लस्टरचा, कंपायलरचा काहीही संबंध नाही. घरातच गडबड आहे. दुसरी पायरी: थ्रेड एकाचे चार करा. तिसरी: क्लस्टरचा दुसऱ्या प्रकारचा नोड (क्लस्टरमधला एक संगणक). चौथी: कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (वेगासाठी तो करत असलेले बदल) पूर्ण बंद करून. पाचवी: गणिताची लायब्ररी बदलून. ज्या पायरीवर आकडा हलला, तिथे थांबून खोदायचं. दोन पायऱ्या एकदम चढलात तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्याच पायरीवर पाय घसरला, तर चार संशयित.

पहिला, रँडम नंबरचं बीज (ज्या आकड्यापासून रँडम मालिका सुरू होते तो). इथे फोर्ट्रानवाल्यांना ठाऊक नसलेली एक खोच आहे. जी-फोर्ट्रान या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये बीज दिलं नाही तर प्रोग्राम दर वेळी त्याच ठरावीक बीजापासून सुरू व्हायचा. आवृत्ती ७ पासून तो बीज ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो, म्हणजे दर वेळी नवं. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर चालणाऱ्या क्लस्टरवर मूळचा कंपायलर ४.८.५, तुमच्या लॅपटॉपवरच्या उबुंटूत त्यापेक्षा कितीतरी नवा. तोच कोड एकीकडे दर वेळी तंतोतंत तोच आकडा देतो, दुसरीकडे दर वेळी नवा, आणि दोष मात्र क्लस्टरवर येतो. उपाय सोपा: बीज इनपुट फाइलमध्ये लिहा, कोडमध्ये ते स्पष्टपणे लावा, आउटपुटमध्ये छापा.

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचा प्रकार नेमका उलटा. तो दर वेळी उघडल्यावर त्याच बीजापासून सुरू होतो; नव्या सत्रात पहिला रँडम नंबर ०.८१४७ येतो, हे मॅटलॅब वापरणाऱ्या कुणालाही पाठ असतं. आता क्लस्टरवर ‘ॲरे जॉब’ म्हणून वीस प्रती सोडल्या तर वीसही प्रती तीच रँडम मालिका वापरतात. मग वीस नमुन्यांची सरासरी काढून एरर बार शून्याच्या आसपास येतो आणि माणूस खूश होतो. घड्याळावरून बीज घेणं हाही पक्का इलाज नाही, कारण वीस जॉब एकाच क्षणी सुरू होऊ शकतात. जॉबचा अनुक्रमांक बीजात मिसळा. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीत एका मूळ बीजापासून स्वतंत्र उपबीजं काढायची सोय आहे (सीडसीक्वेन्स आणि त्याचं ‘स्पॉन’). ती वापरा, १, २, ३ अशी हाताने वाटत बसू नका.

दुसरा संशयित, फाइलींचा क्रम. पायथनचं ‘ग्लॉब’ किंवा ‘लिस्टडिर’ फाइली कुठल्या क्रमाने देईल याची हमी भाषा देत नाही. फाइल सिस्टिम जसा देईल तसा. लॅपटॉपवर योगायोगाने वर्णानुक्रमे येतात, क्लस्टरच्या सामायिक डिस्कवर येत नाहीत. हा केवळ पुस्तकी धोका नाही. एनएमआर या रेणूंची रचना तपासण्याच्या तंत्रातल्या रासायनिक विस्थापनांचं गणित करणाऱ्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्टमध्ये हाच दोष २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना सापडला: ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की फाइलींच्या जोड्या चुकीच्या लागायच्या आणि उत्तर बदलायचं. त्रुटी-संदेश काहीच नाही, आकडा मात्र दिसायला व्यवस्थित. दुरुस्ती एका शब्दाची: यादीवर ‘सॉर्टेड’ लावा. आणि लावतानाच लक्षात ठेवा, की अक्षरक्रमात ‘रन_१०’ हा ‘रन_२’ च्या आधी येतो. म्हणून फाइलींना नावं देतानाच ‘०००२’, ‘००१०’ अशी शून्यं भरा.

पायथनच्या ‘सेट’चंही असंच. ३.३ आवृत्तीपासून स्ट्रिंगचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे सेटमधून फिरण्याचा क्रम दर वेळी वेगळा. क्रमावर बेरीज अवलंबून असेल तर शेपूट हलणारच.

तिसरा संशयित, मूल्य न देता वापरलेला व्हेरिएबल किंवा ॲरेच्या हद्दीबाहेरचं वाचन. फोर्ट्रानमध्ये हे फार. मेमरीत आधीचा जो कचरा असेल तो उचलला जातो. लॅपटॉपवर तिथे बहुधा शून्य सापडतं, क्लस्टरवर सापडत नाही. जी-फोर्ट्रानमध्ये एकदा वेगळं बिल्ड करा: सगळ्या तपासण्या चालू (एफ-चेक ऑल), अवैध गणित, शून्याने भागाकार आणि ओव्हरफ्लो झाल्यास तिथेच थांब (एफएफपीई-ट्रॅप), आणि मूल्य न दिलेल्या रिअल व्हेरिएबलमध्ये सिग्नलिंग नॅन (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) भर (एफ-इनिट-रिअल). बरोबर डिबगची माहिती आणि बॅकट्रेस. प्रोग्राम बराच हळू चालेल, चालू द्या; छोट्या इनपुटवर एकदाच चालवायचंय. जुन्या कोडवर हे पहिल्यांदा केलं की तो बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटात कोसळतो आणि ओळ क्रमांक सांगतो. एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही.

चौथा, थ्रेडमधली रेस (दोन थ्रेडनी तीच मेमरी एकाच वेळी बदलणं). पण एका थ्रेडवर फरक दिसत असेल तर हा सुटला.

आता दुसरी पायरी, थ्रेड वाढवल्यावर शेपूट हलणं. हे बहुतेकदा निरुपद्रवी असतं, पण का ते समजून घ्या. फ्लोटिंग पॉइंटमध्ये (संगणकातल्या दशांश संख्यांत) बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. पायथन उघडून बघा: एकावर सोळा शून्यं असलेली दशांश संख्या घ्या, तिच्यात १ मिळवा, मग तीच मोठी संख्या वजा करा. उत्तर ०. आधी मोठ्यातून मोठी वजा करून मग १ मिळवा. उत्तर १. कारण त्या आकाराच्या दोन लगतच्या डबल संख्यांमध्ये अंतर २ आहे; मधला १ ठेवायला जागाच नाही. चार थ्रेडनी चार तुकडे बेरजून शेवटी एकत्र केले, किंवा एमपीआयच्या ६४ रँकनी (एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या समांतर प्रक्रियांनी) केले, तर क्रम वेगळाच होणार. जीपीयूवर ॲटॉमिक बेरीज (जो थ्रेड आधी पोहोचेल तो आधी मिळवतो अशी) असेल तर क्रम दर वेळी नवा.

निरुपद्रवी केव्हा नाही? एकमेकांना खाऊन टाकणाऱ्या मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून तुम्हाला हवी असलेली छोटी संख्या निघत असेल तेव्हा. दोन मोठ्या ऊर्जांमधला फरक हा नेहमीचा गुन्हेगार. आणि सिंगल प्रिसिजनमध्ये मोजणी करत असाल तेव्हा. सिंगलमध्ये १,६७,७७,२१६ च्या पुढे एकेक मिळवून आकडा पुढे सरकतच नाही. फोटॉन मोजणारा काउंटर फ्लोट ठेवला असेल तर तो तिथे अडकून बसतो आणि आलेख छान सपाट दिसतो; डिटेक्टर संपृक्त झाला अशी कुणाची समजूत होते. मोजणीला पूर्णांक वापरा. लांबलचक बेरजेला डबल, आणि गरज पडली तर काहानची (राउंडिंगची चूक सोबत जपणारी) पद्धत किंवा पायथनचं ‘एफसम’.

तिसरी पायरी सर्वांत फसवी: त्याच क्लस्टरवर, तोच जॉब, पण नोड वेगळा. बहुतेक क्लस्टर टप्प्याटप्प्याने वाढलेले असतात. काही नोडवर जुने प्रोसेसर, काहींवर नवे. ओपनब्लास आणि इंटेलची एमकेएल या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ऱ्या चालू होताना प्रोसेसर ओळखतात आणि त्याच्यासाठी लिहिलेला कोड निवडतात. एव्हीएक्स-२ (प्रोसेसरचा एक सूचनासंच) असलेल्या नोडवर एक वाट, एव्हीएक्स-५१२ च्या नोडवर दुसरी; बेरजेचा क्रम वेगळा, शेपूट वेगळं. रांगेतून कुठला नोड मिळेल हे स्लर्म हा जॉब वाटणारा प्रोग्राम ठरवतो, त्यामुळे फरक ‘कधीकधी’ दिसतो. तुमचा ‘तिसरा आकडा’ पहिल्या पायरीत सापडला नाही तर बहुधा इथे सापडेल. तपासायला जॉब स्क्रिप्टच्या सुरुवातीला होस्टनेम आणि प्रोसेसरची माहिती छापा आणि दहा रनची उत्तरं नोडच्या प्रकाराशी जुळवून बघा. खात्री करायला एमकेएल_सीबीडब्ल्यूआर या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलने एमकेएलला एकाच वाटेवर बांधता येतं (थ्रेडसंख्याही तीच ठेवा). ओपनब्लासला कोअरटाइप सांगून तेच होतं. वेग थोडा कमी होतो. निदानापुरतं करा, रोज कशाला.

इथेच एक गैरसमज. "आम्ही कंटेनर वापरतो, मग सगळीकडे सारखंच येणार." ॲपटेनरसारखा कंटेनर (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ऱ्यांचा एकत्र गठ्ठा) लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या गोठवतो, आणि ते मोलाचंच आहे. प्रोसेसर मात्र गोठवत नाही. आतली ओपनब्लास बाहेरचा प्रोसेसर बघूनच वाट निवडते.

चौथ्या पायरीवर, कंपायलर. इंटेलचा कंपायलर मुळातच फ्लोटिंग पॉइंटच्या बाबतीत सैल असतो. क्रम बदलायची मुभा स्वतःहून घेतो. त्याला ‘एफपी-मॉडेल प्रिसाइज’ सांगावं लागतं. जीसीसी (जी-फोर्ट्रान ज्याचा भाग आहे तो कंपायलर-संच) तसा सोवळा, पण ‘ओ-फास्ट’ किंवा ‘फास्ट-मॅथ’ दिलं की सोवळं सुटलं: नॅन येणारच नाही असं तो गृहीत धरतो आणि तुमची नॅनची तपासणीच उडवून लावतो. जुन्या मेकफाइलमध्ये (कोड कसा कंपाइल करायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) हे फ्लॅग कुणीतरी वेगासाठी घातलेले असतात आणि का ते कुणालाच आठवत नाही. काढून टाका, वेळ मोजा. पुष्कळदा वेगात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. शिवाय ‘मार्च नेटिव्ह’ दिलं तर जीसीसी गुणाकार-बेरीज एकत्र करणारी एफएमए सूचना वापरतो, त्यात राउंडिंग दोनऐवजी एकदाच होतं. तीही शेपटाचीच गोष्ट.

सात-आठ अंकांनंतर फाटणाऱ्या उत्तराचं मूळही सहसा मेकफाइलमध्येच असतं. फोर्ट्रानमध्ये नुसतं ०.१ लिहिलं तर ती सिंगल प्रिसिजनची संख्या. डबल व्हेरिएबलमध्ये ती ठेवली तरी आत ०.१०००००००१४९ असं काहीतरी जातं. पायची किंमत चौदा दशांशांपर्यंत टंकली, पण शेवटी ‘डी-शून्य’ लावला नाही, तर आत ३.१४१५९२७४१ पडतं; खरा अंक ३.१४१५९२६५३. आता एका मेकफाइलमध्ये ‘सगळे रिअल आठ बाइटचे कर’ हा फ्लॅग असेल आणि दुसरीत नसेल, की झाला फरक. फ्लॅगवर विसंबू नका; स्थिरांकांना काइंड (प्रिसिजन सांगणारी खूण) लावा. एका दुपारचं काम आहे.

पाचव्या पायरीवर, सिस्टिमची गणित-लायब्ररी. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत एक्स्पोनेन्शियल, लॉग, घात यांचे कोड नव्याने लिहिले गेले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे. शेवटच्या बिटात फरक येऊ शकतो.

हे सगळं शेवटच्या बिटाचं, मग त्यातून तिसऱ्या अंकाचा फरक कसा होतो? १९६१ मध्ये एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाचं मॉडेल मधूनच पुन्हा चालवायला ०.५०६१२७ च्या जागी छापील कागदावरचं ०.५०६ टाइप केलं, आणि थोड्याच वेळात दोन हवामानांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. रेणूगतिकी, प्रवाही यांत्रिकी, हवामान, सगळीकडे हेच. तिथे दोन यंत्रांवर अणूंचे मार्ग जुळतील अशी अपेक्षाच चूक. तुलना सरासरीची करायची: तापमान, दाब, वितरण फलन, एरर बारसकट. निदानासाठी मात्र पहिली शंभर पावलं जुळवा. तिथे फरक शेपटापासून हळूहळू वाढताना दिसला पाहिजे. पहिल्याच पावलाला चौथा अंक वेगळा असेल तर केऑसचं नाव पुढे करू नका, तो बग आहे.

लॉरेन्झ यांच्या कागदाचा आजचा अवतार म्हणजे एक्सेल. पॅरामीटरची सीएसव्ही फाइल उघडली, नुसती ‘सेव्ह’ केली, की सेलमध्ये जेवढे अंक दिसतात तेवढेच फाइलमध्ये जातात. जनुकांची नावं तारखा झाल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे. २०१६ च्या एका पाहणीत एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या भागात असा घोळ सापडला, आणि २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशा काही जनुकांचीच नावं बदलली. म्हणून पायऱ्या चढण्याआधी दोन्हीकडच्या इनपुट फाइलींचा शा-२५६ हॅश काढा; तो जुळला तर फाइली सारख्या. विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी जादा अक्षर असतं, त्यानेही हॅश बदलतो. ते आधी साफ करा.

फरक कोडमध्ये कुठे सुरू होतो हे शोधायला मधल्या टप्प्यांवरचे ॲरे दोन्हीकडे बायनरीत साठवा आणि मधोमध कापत जा: निम्म्या वाटेवर जुळतंय का? जुळत असेल तर दोष पुढच्या निम्म्यात. तुलना करताना नमपायच्या ‘ऑलक्लोज’पासून जपा. त्याची मूळची सवलत दुहेरी आहे: सापेक्ष एक लाखात एक, आणि निरपेक्ष ०.०००००००१. दुसरी विसरतात. एसआय एककांत इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ भागिले एकावर एकोणीस शून्यं. ‘ऑलक्लोज’ला विचारलंत तर तो प्रभार शून्याइतकाच असल्याचं सांगेल. तुमच्या राशी लहान असतील तर निरपेक्ष सवलत शून्य करा, किंवा राशीच्या आकाराला साजेशी द्या.

मग योग्य सवलत किती? अंदाज नको, मोजा. इनपुटमधल्या एका राशीचा शेवटचा अंक हलवून दहा रन करा, १, २, ४, ८ थ्रेडवर करा, दोन प्रकारच्या नोडवर करा. उत्तरं जेवढी पसरतील तेवढा तुमच्या कोडचा स्वतःचा गोंगाट. त्याच्या काही पट सवलत ठेवा, प्रत्येक राशीला वेगळी. लॅपटॉप आणि क्लस्टरचा फरक या पसाऱ्याच्या आत बसत असेल तर दोन्ही उत्तरं तितकीच खरी, आणि शोधनिबंधात त्यापुढचे अंक छापायचे नाहीत.

ही मोजणी झाली की दोन मिनिटांत चालेल असं एक छोटं उदाहरण, त्याची संदर्भ-उत्तरं आणि सवलती कोडबरोबर गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा. क्लस्टरची देखभाल झाली, मॉड्यूल (क्लस्टरवर निवडून लोड करायची सॉफ्टवेअर) बदलले, की आधी हे चालवायचं. मॉड्यूल लोड करताना आवृत्ती लिहाच; नुसतं नाव दिलं तर प्रशासक ज्या दिवशी डिफॉल्ट बदलेल त्या दिवशी तुमचा कंपायलर बदलेल आणि कळणारही नाही.

नोंदी माणसाने ठेवायच्या नाहीत, जॉब स्क्रिप्टने ठेवायच्या. प्रत्येक रनचं फोल्डर वेगळं, नावात तारीख आणि जॉब क्रमांक. त्यात स्क्रिप्टने आपोआप टाकायचं: गिटचा कमिट क्रमांक, न नोंदवलेले बदल असतील तर त्यांचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी), लोड केलेले मॉड्यूल, कंपायलरची आवृत्ती आणि फ्लॅग, नोड व प्रोसेसर, थ्रेड आणि रँकची संख्या, बीज, इनपुटचे हॅश. काही ठिकाणी ‘बदल कमिट केल्याशिवाय जॉब चालणारच नाही’ असा नियम करतात. माझ्या मते तो टिकत नाही; डेडलाइनच्या रात्री विद्यार्थी ती तपासणी कॉमेंट करून मोकळे होतात. डिफ साठवून चालू द्या, ते टिकतं. पायथनसाठी कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकाची स्पष्ट यादी, बिल्ड क्रमांकासकट, काढून ठेवा. हाताने लिहिलेली पॅकेजांची नावं पुरत नाहीत. ज्युपिटर नोटबुक असेल तर कर्नल नव्याने सुरू करून वरपासून खालपर्यंत चालवल्याशिवाय त्यातल्या आकड्याला आकडा म्हणू नका.

शोधनिबंध गेला की त्या कमिटची प्रत झेनोडो या संशोधन-संग्रहावर ठेवून डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) घ्या. गिटहबचा दुवा पुरत नाही. खातं विद्यार्थ्याचं असतं.

उरलं हस्तांतर. विद्यार्थी प्रबंध सादर करण्याच्या निदान दोन महिने आधी हे करा: क्लस्टरवर नवं, कोरं खातं असलेला दुसरा विद्यार्थी बसवा. त्याच्या हाती फक्त रीडमी. त्याने कोड उतरवायचा, बांधायचा, दोन मिनिटांचं उदाहरण चालवायचं आणि मग प्रबंधातली एक आकृती पुन्हा काढायची. जुन्याच्या होम डिरेक्टरीचे कोडमध्ये रुतलेले पाथ, त्याच्या बॅश-आरसीमधल्या (लॉगिन करताना आपोआप चालणाऱ्या फाइलमधल्या) विसरलेल्या ओळी, कुठूनतरी उतरवलेली स्यूडोपोटेन्शियलची फाइल, हे सगळं पहिल्या तासात उघडं पडतं. तो अडला की जुन्याने तोंडी सांगायचं नाही. रीडमीत ओळ घालायची, कमिट करायची, आणि नव्याने कोरं फोल्डर घेऊन पहिल्यापासून सुरू करायचं. साधारण तिसऱ्या-चौथ्या फेरीत आकृती निघते.